तलावाला क्लोरीन, हीटरला वाली कोण?

मोठ्या गृहसंकुलांत आता पोहण्याचा तलाव नुसता असून भागत नाही, तो डिसेंबरातही कोमट लागतो. त्यासाठी बसवलेला हीट पंप थोड्याच वर्षांत कुरकुरू लागला की खापर फुटतं कंपनीवर, फार तर विजेच्या दाबावर. पाण्यावर संशय कुणी घेत नाही, कारण ते निळंशार दिसत असतं. माझ्या मते पहिला संशय पाण्यावरच घ्यायला हवा आणि त्या पाण्याचा जबाब कुणी द्यायचा, हे करारातच लिहून ठेवायला हवं.

मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, उलटं आहे. पाणी तापलं की तो बाहेर पडतो. त्यामुळे तलावभर पसरलेला चुना बसायला जागा शोधतो ती नेमकी हीटरच्या नळ्यांत. घरच्या गीझरची कॉइल उघडी पडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तांबं या थराच्या शंभरपटीहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेतं. म्हणून पातळ पापुद्राही यंत्राला जास्त वेळ चालायला लावतो आणि बिल वाढतं. पाणी आम्लाकडे झुकलं तर मात्र ते नळीच कुरतडतं आणि विरघळलेलं तांबं टाइल्सवर हिरवट-निळ्या डागांच्या रूपात उमटतं. पाणी चुना बसवणार की बसलेला विरघळवणार, याचा हिशेब विल्फ्रेड लँगलियर यांनी १९३६ मध्ये मांडला, तोही तलावांसाठी नव्हे, शहरांच्या जलवाहिन्यांसाठी. आज तलावासाठी रूढ असलेल्या मर्यादा अशा: पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम आणि कॅल्शियमची कठीणता २०० ते ४००.

आपल्याकडे हे आकडे जागेवर राहत नाहीत, याचं कारण पाणी येतं कुठून यात आहे. धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं, तर दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं बहुधा जड. पावसाळ्यात नळाने भरलेला तलाव एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगतो. त्यातून गरम पाण्याची वाफही जास्त. वाफेबरोबर पाणी जातं, क्षार मागे राहतात, आणि वरून पुन्हा क्षारांचंच पाणी ओतलं जातं. क्लोरीन कोणतं वापरता, यानेही फरक पडतो. ब्लीचिंग पावडर कॅल्शियमची भर घालते. टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिडच्या, गोळ्या चांगल्याच आम्लधर्मी असतात. त्या स्किमरच्या जाळीत टाकून रात्री पंप बंद केला, की सकाळी पहिलं पाणी हीटरमध्ये शिरतं ते जवळजवळ आम्ल होऊनच. ही सवय आधी मोडली पाहिजे. क्लोरीन सोडायची जागा प्रवाहात हीटरनंतर हवी, मध्ये उलट्या प्रवाहाला अडवणारा व्हॉल्व्ह हवा. स्पाचं दुखणं आणखी नाजूक. पाणी थोडं, तापमान ३८-४० अंश. जेटच्या खळबळीने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि चुना सुटू लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की जंतू महत्त्वाचे, यंत्र नंतर. मान्य, पण इथे दोघांचं हित एकच आहे. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ वर तो जेमतेम चौथाई उरतो. म्हणजे ज्या पाण्यात चुना सुटतो, त्याच पाण्यात क्लोरीनही लंगडं पडतं. दुसरा आक्षेप विक्रेत्यांचा: नव्या हीट पंपांत टायटॅनियमची नळी असते, तिला काही होत नाही. गंज चढत नाही हे खरं, पण चुना टायटॅनियमवरही बसतो. तिसरा सल्ला, पाणीच बदलून टाका. जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे टँकर मोजले जातात, तिथे हा सल्ला देववत तरी कसा? शिवाय बदलीला पुन्हा बोअरचंच पाणी आलं, तर कठीणता तिथल्या तिथे. कोमट तलाव ही चैनच, असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. पण ती करायचीच ठरल्यावर यंत्र अकाली भंगारात काढणं ही त्याहून मोठी उधळपट्टी.

मूळ घोळ करारांत आहे. तलावाचा कंत्राटदार वेगळा, हीटरचा वेगळा. पहिला क्लोरीन आणि पाण्याचा रंग पाहतो, दुसरा बिघाड झाल्यावर उगवतो, आणि मधल्या पाण्याला मालक नाही. पीएच आणि क्लोरीन रोज, अल्कलिनिटी आठवड्याला, कॅल्शियम महिन्याला आणि प्रत्येक मोठ्या टँकर-भरणीनंतर तपासावं. हे आकडे एकाच वहीत तारखेनिशी लिहावेत आणि त्या वहीवर हीटरवाल्याचीही सही घ्यावी. तपासणीचा खर्च नवीन हीट पंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, म्हणजे थंडीत हीटर सुरू होण्याआधीच. त्या सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी सभासदांनी ही वही मागावी, आणि ती नसेल तर तलावाच्या कंत्राटाचं नूतनीकरण थांबवावं.