चाकांची चकाकी आणि खारपाणपट्टा

अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग टाकून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो आणि वेगाबरोबर चाकांवरील भारही वाढतो. या चाकांचा विचार मात्र वऱ्हाडात फारसा झालेला दिसत नाही.

बाजारात ज्यांना सर्रास 'मॅग व्हील' म्हणतात, ती बहुतेक चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. मॅग्नेशियमची खरी चाके प्रामुख्याने शर्यतीच्या गाड्यांना बसवितात. नाव तेवढे त्यांच्यावरून पडले. मॅग्नेशियम पाण्याच्या १.७४ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, तर पोलाद सुमारे ७.८ पट. हलक्या चाकाचे लाभ म्हणूनच निर्विवाद आहेत. हा धातू पेट घेतो, ही भीती अर्धसत्य होय. त्याचा कीस चटकन पेटतो, अखंड चाक सहसा नाही. पेटलेच, तर पाणी ओतणे घातक. कोरडी वाळूच हवी.

खरे संकट ज्वाळेचे नसून क्षारांचे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. मॅग्नेशियमच्या चाकावरील संरक्षक थर खरवडला गेला, की खारे पाणी धातू पोखरू लागते. पोलादी बोल्टांच्या सान्निध्यात ही झीज अधिकच वेगाने होते. ॲल्युमिनियम त्या मानाने टिकाऊ. परंतु खड्ड्यात आदळल्यावर पोलादी चाक बहुधा वाकते, तर ओतीव मिश्रधातूचे चाक तडकू शकते. आणि महामार्ग सोडला, की पावसात फुगणाऱ्या व उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवरील रस्त्यांना खड्ड्यांची उणीव नाही.

तडकलेल्या चाकाला वेल्डिंग करून, वर रंग चढवून ते पुन्हा वापरणे हा तर जिवाशी खेळ आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागाचे बळ घटते. भारतीय मानकांत थकव्याच्या आणि आघाताच्या चाचण्या सांगितल्या आहेत. पण त्या नव्या चाकाची ग्वाही देतात, डागडुजी केलेल्या चाकाची नव्हे. शिवाय खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि तोवर योग्यता-प्रमाणपत्राची सक्ती नाही.

तेव्हा प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी या विषयावर लोकजागृती करावी आणि जोडकाम केलेल्या चाकांच्या विक्रीला आळा घालावा. वाहनधारकांनीही मानकचिन्ह पाहूनच चाक घ्यावे, ते गोड्या पाण्याने धुवावे आणि मोठा धक्का बसताच आतील बाजू तपासून घ्यावी. तडा दिसला, तर नव्या चाकाचा खर्च सोसणेच शहाणपणाचे.