बावळट कोण?

जुलैतला रविवार, धो-धो पाऊस आणि आमची गँग राजोडीच्या बीचवर भजी खायला. विरारकरांचा वीकेंड याहून वेगळा असतो का, बॉस?

तर तिथे वाळूत एक पक्षी बसलेला. बदकाहून मोठा, पांढराशुभ्र, पंखांची कड आणि शेपूट काळी, चोच पिवळी आणि चेहऱ्यावर चक्क काळा मास्क. जवळ गेलो तरी हलेना. लगेच मोबाईल बाहेर, सेल्फी सुरू. एक जण म्हणाला, "समुद्रातला आहे ना? टाकू या परत पाण्यात!"

शेजारी होडीवर ताडपत्री बांधणारे काका ओरडले, "अरे बाळा, दमून आलाय तो. परत ढकलतोस कुठे?"

हे महाशय म्हणजे मास्क्ड बूबी. स्पॅनिशमध्ये 'बोबो' म्हणजे बावळट. पूर्वी हे पक्षी बिनधास्त जहाजांवर उतरायचे आणि खलाशांच्या हाती लागायचे, म्हणून हे नाव. पण बायोडेटा बघा! पंखांचा पसारा दीड मीटरच्या वर. उडते मासे दिसले की उंचावरून थेट समुद्रात सूर. नाकपुड्या बाहेरून बंद, त्यामुळे नाकात पाणी जायचा प्रश्नच नाही. जमिनीशी संबंध मुख्यतः घरट्यापुरता, तोही दूरच्या बेटांवर. ओमानजवळच्या हल्लानियात बेटांवर त्यांची मोठी वसाहत आहे. वसईपासून अंतर साधारण पावणेदोन हजार किलोमीटर. आणि आपण विरार-चर्चगेट करून थकतो!

मग स्वारी राजोडीत कशी? पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे पिसाटतात. खवळलेल्या समुद्रात पोट भरणं अवघड, उडून उडून दम संपतो आणि वारा ढकलेल तिकडे जावं लागतं. म्हणूनच या दिवसांत कोकण किनाऱ्यावर असे पाहुणे सापडतात. तो शांत बसलेला नसतो, गळून गेलेला असतो. पाण्यात टाकला तर लाटाच त्याला संपवतील.

तेव्हा मंडळी, असा पक्षी दिसला तर आधी गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. टॉवेल टाकून अलगद उचला, पण चोचीपासून डोळे सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी किंवा मासे कोंबू नका. आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

आमच्या वेळी भजीवाल्याचं खोकं कामी आलं. तो सेल्फी अजून फोनमध्ये आहे. त्यात बावळट कोण दिसतंय, ते सांगायला नकोच.