डोकेदुखी कोणत्या खात्यावर?

बँकेतल्या नोकरीने एक शिकवले : सुट्या नोंदी मुक्या असतात, एका खात्यावर आल्या की बोलू लागतात.

आमच्या नात्यातल्या एका सुनेचा दोनदा गर्भपात झाला. घराने तो नशिबाच्या खाती टाकला. पुढे डोके दिवसेंदिवस दुखू लागले; ते पित्ताच्या खाती. उलट्या झाल्या, अंधुक दिसू लागले, शेवटी झटका आला, तेव्हा एमआरआय झाला. मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या नीलेत गुठळी होती.

मूळ दुखणे 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम'. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूजेस यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. शरीराची राखणदार फौजच उलटते, रक्त गोठू लागते, गर्भपातही होतात. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच खात्याच्या! रक्ततपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून निदान पक्के करतात. रक्त गोठू न देणारी गोळी मात्र दीर्घकाळ घ्यावी लागते.

सून सावरली. पण दोष केवळ आजाराचा नव्हता. बाईची डोकेदुखी आपण फार स्वस्तात निकालात काढतो. नवी, वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर बाम पुढे करू नका. डॉक्टरांकडे न्या आणि जुने गर्भपातही न लाजता सांगा.