आधी देवाला, मग माणसाला

बस्तरमध्ये मोहाच्या दारूचे थेंब आधी देवाला, पितरांना वाहतात. मग माणसे पितात. रायपुरात बसून आपण त्याला सरसकट व्यसन म्हणून मोकळे होतो. कायदा आपल्यापेक्षा समंजस निघाला: छत्तीसगडात आदिवासींना घरच्या वापरापुरती ही दारू गाळायची मुभा आहे, विकायची नाही. १९९६च्या पेसा कायद्याने तर अनुसूचित क्षेत्रांत नशेच्या पदार्थांवर बंदी घालायचा किंवा बंधने आणायचा अधिकार ग्रामसभा-पंचायतींना दिला.

अमेरिकेतही हाच पेच: पेयोटी या नशा आणणाऱ्या निवडुंगाचे सेवन म्हणजे तिथल्या काही मूलनिवासींची प्रार्थनाच. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला घटनेचे संरक्षण नाकारले. १९९४मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून तिला कायद्याचे संरक्षण दिले. आणि आपली महाशिवरात्रीची भांग? १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येतून ती ज्यांपासून बनते ती गांजाच्या झाडाची नुसती पाने वगळलेली आहेत. भांगेला मागासलेपण म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेले नाही.