बीपीची गोळी विचारतो, मग हे का नाही?

इथे मँचेस्टरच्या ऑफिसात माझी मॅनेजर परवा मीटिंगमध्ये सहज म्हणाली, "आज हार्मोनचा पॅच लावायला विसरलेय, सांभाळून घ्या!" सगळे हसले. मला मात्र आई आठवली.

आईची पाळी ४७व्या वर्षी गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. ती थंडीतही रात्री पंखा लावून बसायची, झोप नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. घरात एकच उत्तर ठरलेलं : "या वयात व्हायचंच." मीही तेच म्हणायचो.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो, तेव्हा आईनेच विचारलं, "तुमच्याकडच्या बायका हार्मोन घेतात म्हणे. मला चालेल का रे?" वय ६३.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. प्रकृती बरी असेल, तर साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. त्यानंतर नव्याने सुरू केल्यास हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांची भीती वाढते. आईसाठी ती वेळ टळली होती.

यात दोष एकट्या घरच्यांचाही नाही. २००२ साली अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासातला हार्मोनचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि स्तनांच्या कॅन्सरची धास्ती जगभर पसरली. धोका खोटा नव्हता. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि तोच हिशेब पन्नाशीच्या बाईलाही लावला गेला.

उशीर झाला म्हणजे सगळंच संपलं, असंही नाही. लघवीच्या जळजळीसाठी आईला कमी मात्रेचं, फक्त तिथेच लावायचं क्रीम मिळालं. ते रक्तात फारसं उतरत नाही. हाडांची तपासणीही झाली. हा त्रास तिने इतकी वर्षं कुणालाच सांगितला नव्हता.

हार्मोन प्रत्येकीने घ्यावेत, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरांनी ठरवावं. पण विचारायची वेळ तरी निघून जाऊ नये. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ला जाते, इथल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे आपल्या बायकांची दहा वर्षंही आधीच सुरू होतात. आपण परदेशातून रोज फोन करतो, बीपीची गोळी घेतली का विचारतो, आणि इथे मात्र लाजतो.

पुण्याची माझी चुलत ताई यंदा ४७ची झाली. रविवारी फोनवर विचारलं, "ताई, झोप लागते का गं?" पलीकडे क्षणभर शांतता. मग ती चाळीस मिनिटं बोलत होती.