न्हाणीघराचा उंबरठा

इंदूर येथील आमचे घर १९५६ सालचे. न्हाणीघरात तांब्याचा बंब, कोब्याची जमीन आणि दाराशी वीतभर उंबरठा. गेल्या श्रावणात सासूबाई त्याला अडखळल्या. तेव्हापासून स्नानाला जाताना कुणाला तरी हाक मारू लागल्या. न्हाणीघर नवे करावयाचे ठरले. मुलांनी चकचकीत फरशीचे नमुने आणले. गवंड्याने मात्र आधी भिंतीतील नळ उघडून दाखविले. लोखंडी नळ्या आतून गंजाने बुजत आल्या होत्या.

वाचकभगिनींनो, जुन्या घरात खर्चाचा क्रम हाच असावा : प्रथम नळ व सांडपाण्याची वाट, मग ओल अडविणारा थर, शेवटी फरशी. थर वाळल्यावर तोटी बुजवून दोन दिवस पाणी साठवावे. शेजारच्या भिंतीला ओल फुटली नाही, तरच पुढे जावे. उंबरठा काढला की पाणी अडविण्याचे काम उतारावर येते. तो दर मीटरला सव्वा सेंटिमीटर तरी हवा. फरशी खरखरीत, दार बाहेर उघडणारे, आणि आधाराचा दांडा थेट विटांत बसविलेला असावा. टॉवेलच्या दांड्यावर भिस्त ठेवू नये.

बंब आता अंगणात आहे. सासूबाई स्नानाला जाताना हाक मारीत नाहीत.