ग्राहक-कट्टा : पैसे यंत्राचे, फोटोचे नव्हेत



गेल्या अंकात आपण छप्पर दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदारांविषयी बोललो. त्यावर बरेच फोन आले, आभारी आहोत. या वेळचा विषय जरा खेळकर आहे, पण लिहायला बसलो तर हात जड झाला. कारण ही गोष्ट ऐकीव नाही. आमची स्वतःचीच आहे, आणि ती सांगायला आम्हाला चार महिने लागले.

विषय आहे, वापरलेलं पिनबॉल यंत्र इंटरनेटवरून विकत घेण्याचा.

लहानपणी सुटीत आपण बगाटेल खेळायचो ना? खिळ्यांचा तिरका पाट, एक दांडी आणि गोळ्या. पिनबॉल हे त्याचंच थोरलं, विजेवर चालणारं भावंड. काचेखाली उतरता पाट, त्यावर पोलादी गोळी आणि खाली दोन फ्लिपर. बहुतेक यंत्रं आपल्या या शिकागोतच बनली. गंमत म्हणजे शहरात यंत्रं बनत होती, पण सत्तरच्या दशकापर्यंत ती इथेच खेळायला बंदी होती, कारण सरकारदरबारी तो जुगार होता! विल्यम्स कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉलचा धंदा बंद केला. स्टर्न कंपनी आपल्या उपनगरांत आजही यंत्रं बनवते. पण नवं यंत्र महाग, म्हणून लोक जुनी शोधतात. आणि शोधणारे आले की फसवणारे आलेच.

आता आमची गोष्ट. पीएच.डी. करताना विद्यापीठाच्या तळघरात 'ॲडम्स फॅमिली' नावाचं यंत्र होतं. १९९२ चं हे मॉडेल वीस हजारांहून जास्त विकलं गेलं. त्यात एका पेटीतून हात बाहेर येतो आणि गोळी उचलून नेतो. प्रयोग फसला की आम्ही रात्री तिथे जाऊन उभे राहायचो. आमचे 'हे' भेटले तेही त्याच यंत्रापाशी, सुटे पैसे मागायला आले होते. त्यामुळे घर झालं, तळघर झालं, मुलगा दहा वर्षांचा झाला, तेव्हा यंदा हे यंत्र घ्यायचंच असं ठरलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाहिरात दिसली. ॲडम्स फॅमिली, उत्तम अवस्थेत, २,३०० डॉलर. ज्याला कित्येक हजार मोजावे लागतात ते यंत्र या किमतीला! शंका आली नाही असं नाही. पण विक्रेत्याने शंकेचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. वडील वारले, घर रिकामं करायचं आहे, मला यातलं काही कळत नाही. आम्हाला वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला बोला, आनंदही झाला. समोरच्याला किंमत कळत नाही आणि आपल्याला कळते, या आनंदातच अर्धी फसवणूक झालेली असते.

पुढचं भराभर घडलं. यंत्र इंडियानात आहे, बघायला येता येणार नाही कारण घराच्या किल्ल्या एजंटकडे आहेत, वाहतूकवाला थेट तुमच्या दारात आणून देईल. आणखी दोघं विचारताहेत, ६०० डॉलर आगाऊ दिलेत तर तुमच्यासाठी ठेवतो. बँकेच्या ॲपमधून आम्ही ते पाठवले. बोट लावलं आणि गेले. तिसऱ्या दिवशी 'वाहतूक कंपनी'ची ई-मेल आली, विम्यासाठी ४५० डॉलर भरा, यंत्र पोचल्यावर परत मिळतील. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आम्ही फोन केला तर नंबर बंद. जाहिरात गायब. बँकेने सांगितलं की पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही एका नमुन्यावर कधी विसंबत नाही. दुसरा घेतो, तिसरा घेतो, शंका असेल तर दुसऱ्याकडून तपासून घेतो. इथे मात्र पाच फोटो पाहून ६०० डॉलर दिले. हे कोणाला सांगणार? दिवाळीच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, "काय, आलं का तुमचं यंत्र?" तर आम्ही म्हणालो, "विचार बदलला, तळघरात जागा पुरत नाही."

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला एक काकू तिळगूळ हातावर ठेवता ठेवता हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तुला त्या यंत्रांची माहिती आहे ना? यांचे चौदाशे गेले. नातवासाठी घेत होते." काकांनी फोन काढून फोटो दाखवला. यंत्राखाली हिरवा गालिचा, कोपऱ्यात वॉशिंग मशीनची कड. तोच फोटो! आमच्याच फोनमध्ये चार महिने पडून असलेला.

तिळगूळ तोंडात फिरेना. आम्ही दिवाळीत खरं बोललो असतो, तर त्या हॉलमध्ये काकाही होते. त्यांनी हिरवा गालिचा ओळखला असता.

आम्ही त्यांना सगळं सांगितलं. कट्ट्यावर लिहू का, असंही विचारलं. काका म्हणाले, "लिही. पण माझं नाव नको, तुझं घाल." म्हणून हा लेख.

आता कामाचं. गेल्या काही महिन्यांत बरंच वाचलं, जाणकारांना विचारलं, त्यातून जे पटलं ते असं.

पहिलं, वजन लक्षात ठेवा. असं यंत्र सव्वाशे किलोच्या आसपास असतं. पाय काढावे लागतात, मागची उभी पेटी आडवी करावी लागते, मग ट्रकवर चढतं. ते दूर पाठवायला बराच खर्च येतो. तेव्हा 'वाहतूक फुकट' किंवा 'माझा माणूस आणून देईल' असं कोणी म्हणालं, की तिथेच थांबा. वाहतूकवाला नेहमी आपण शोधायचा, त्याचा फोन नंबर आपण मिळवायचा.

दुसरं, फोटो तपासा. इंटरनेटवर फोटोवरून शोध घेण्याची सोय आहे. तोच फोटो तीन राज्यांतल्या तीन जाहिरातींत दिसला तर कळून चुकतं. पूर्वी लोक सांगायचे की कागदावर आजची तारीख लिहून यंत्रावर ठेवलेला फोटो मागा. अजूनही मागावा, पण आता संगणक तसा फोटोही बनवून देतो. म्हणून व्हिडिओ कॉल करा आणि तेव्हाच्या तेव्हा काहीतरी करायला सांगा. काच सरकवा, नाणी टाकायचं दार उघडा, आतली बटणं दाबून टेस्ट मेन्यू दाखवा, अनुक्रमांक दाखवा. ॲडम्स फॅमिली असेल तर म्हणावं, तो पेटीतला हात चालवून दाखवा. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक जण हौसेने दाखवतात. ज्याच्याकडे नाही त्याचा कॅमेरा नेमका त्याच दिवशी बिघडतो.

तिसरं, पैसे. यंत्र बघून, खेळून झाल्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायची नाही, मग दुसरे दोघं असोत की दोनशे. झेलसारख्या सोयी ओळखीतल्या माणसांसाठी आहेत. भिशीचे पैसे द्या, पॉटलकचा हिशेब मिटवा. अनोळखी माणसाला पाठवलेत तर तो झेल सुटला असंच समजा. वायर ट्रान्सफरचंही तेच. गिफ्ट कार्डाचे नंबर मागणारा विक्रेता तर शंभर टक्के लबाड. पेपालमध्ये 'मित्र आणि कुटुंब' म्हणून पैसे पाठवले तर खरेदीचं संरक्षण मिळत नाही, 'वस्तू आणि सेवा' म्हणून पाठवले तर मिळतं. थोडं शुल्क लागतं, ते हवं तर आपण सोसावं. विक्रेता "ते शुल्क कशाला वाया घालवता, मित्र म्हणूनच पाठवा" म्हणाला, की मैत्री तिथेच संपवावी. दुकानातून घेत असाल तर क्रेडिट कार्ड उत्तम. माल आलाच नाही तर बिल आल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करता येते.

चौथं, फोनवर आलेला सहा आकडी कोड कोणालाही सांगू नका. "तुम्ही खरे गिऱ्हाईक आहात का ते बघतो, तुम्हाला आलेला कोड वाचून दाखवा" अशी एक नवी युक्ती आहे. त्या कोडने तो तुमच्या नंबरावर स्वतःचं खातं उघडतो आणि पुढच्याला फसवतो.

पाचवं, तुम्ही स्वतः काही विकत असाल तेव्हाही हे लागू आहे. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तीचा चेक आला आणि "वरचे पैसे वाहतूकवाल्याला द्या" असं पत्र आलं, तर चेक खोटा आहे असं धरून चाला. बँक एक-दोन दिवसांत खात्यात रक्कम दाखवते, पण चेक खोटा असल्याचं काही आठवड्यांनी कळतं, आणि भरपाई तुमच्याकडून होते.

यंत्र प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका, आणि मागची पेटी उघडायला सांगा. हा आमच्या प्रांतातला विषय, म्हणून चार शब्द जास्त. नव्वदीच्या दशकातल्या विल्यम्स-बॅली यंत्रांत मुख्य बोर्डावर तीन डबल-ए सेल असतात. वर्षानुवर्षं बदलले नाहीत तर ते गळतात. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, तांब्याच्या रेषा खातं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी पूड जमते. थोडं असेल तर वीज काढून, बोर्ड बाहेर घेऊन, पाणी घातलेल्या व्हिनेगरने हळूच पुसावं. मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. जास्त खाल्लेलं असेल तर किंमत कमी करून घ्या किंवा सोडून द्या. हिरवट-पांढरा थर दिसूनही विक्रेता "काही नाही, धूळ आहे" म्हणाला, तर बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवू नका.

आणि फसलात तर? पहिल्या तासात बँकेला फोन करा, वायर असेल तर ती कधीकधी अडवता येते. संभाषण पुसू नका, सगळं छापून ठेवा. फेडरल ट्रेड कमिशन आणि एफबीआयचं इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटर, दोन्हीकडे तक्रार नोंदवा. स्थानिक पोलिसांकडेही. पैसे परत येतीलच असं नाही, आमचे आले नाहीत. आणि नंतर कोणी फोन करून "थोडी फी द्या, तुमचे पैसे सोडवून देतो" म्हणालं, तर तो पहिल्याचाच भाऊ समजा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

शेवट गोड आहे. मार्चमध्ये मिलवॉकीच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांकडे १९९४ चं 'वर्ल्ड कप सॉकर' होतं. काका बरोबर आले. यजमानांनी कॉफी दिली, आम्ही तासभर खेळलो, पेटी उघडली. सेल गळलेले होते! त्यांनी स्वतःच दाखवले आणि किंमत उतरवली. पैसे तिथेच रोख मोजले, पावती लिहून घेतली. भाड्याची व्हॅन, तीन माणसं, एक ढकलगाडी आणि काकांच्या सूचना, एवढ्यावर यंत्र घरी आलं. बोर्ड आम्ही रविवारी स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरने साफ केला. यंत्रातला फुटबॉल आता गरागरा फिरतो. सध्याचा विक्रम काकांच्या नातवाचा आहे, आमच्या चिरंजीवांना तो मान्य नाही.

मंडळी, कोणाचं असं काही झालं असेल, यंत्र असो, भाड्याचं घर असो, विमानाचं तिकीट असो, तर कट्ट्याला कळवा. समितीच्या फोनवर निरोप ठेवा किंवा हॉलमध्ये बाजूला घेऊन सांगा. नाव छापणार नाही. छापायचंच झालं तर आमचं छापू, त्याची आता सवय झाली आहे.

पुढच्या अंकात उन्हाळी शिबिरांच्या फीचे परतावे. तोवर कळावे, लोभ असावा.